पश्चिमेस ओढा

तम्मण्णा हावळला मी पहिल्यांदा पाहिले ते १९१९ च्या हिवाळ्यात, शाळेला जाताना. शहापूरच्या शाळेवर मी नुकताच बदलून आलो होतो. वाट जवळची पडावी म्हणून कोष्टी गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेतून आडवा निघालो आणि मध्येच अडकलो. कमरेच्या थोडे वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, साठ-सत्तर हात लांबीचा ओल्या सुताचा पट्टा ताणून ठेवला होता. त्याच्या खाली जागोजागी बांबूंच्या कैच्या होत्या, आणि दोन्ही बाजूंनी चार-चार माणसे हातात रुंद कुंचे घेऊन सुतावरून खळ फिरवत चालली होती.

"मास्तर, खालनं वाकून जावा," त्यांतला एक उंच, सडसडीत माणूस म्हणाला. "वरनं टांग टाकलासा तर भरमाअण्णा दिवसभर शिव्या देत बसंल. त्याच्या शिव्या तुमच्या पुस्तकात न्हाईत."

त्याने दोन्ही तळव्यांवर सूत अलगद वर उचलून धरले आणि मी धोतर सावरत खालून पलीकडे गेलो. मागे वळून पाहिले तर तो एक तुटलेला धागा चिमटीत धरून थुंकीने सांधत होता.

"तुमचा का हा ताणा?" मी विचारले.

"माझा न्हवं, शामूचा. माझी पाळी बेस्तरवारी."

विणकर मागावर बसण्यापूर्वी उभ्या सुताला खळ पाजतात. त्या कामाला पांजणी म्हणतात. ती उन्हे कडक व्हायच्या आत उरकावी लागते, तिला सरळ, लांब, सावलीची जागा लागते आणि आठ-दहा माणसांचे हात लागतात. एकट्या घराला ती जमत नाही. म्हणून गल्लीतली अकरा घरे पाळीपाळीने एकमेकांची पांजणी करीत. गल्ली स्वतः विळ्यासारखी वाकडी होती, तिच्यात ताणा लागला नसता. ताणा लागे तो तम्मण्णाच्या परसाच्या गडग्यामागे, दगडी कुंपणापलीकडे. त्याचे घर गल्लीत शेवटचे. तिथून ओढ्यापर्यंत करंजाच्या झाडांखाली पट्टीसारखी ती जागा पसरली होती. तिला नाव नव्हते. लोक नुसते "वढ्याकडं" म्हणत. वढ्याकडं ताणा लागलाय, वढ्याकडं जा.

ती जागा तम्मण्णाच्या आज्याने घराबरोबर विकत घेतलेली होती. हे मला कळले ते पुष्कळ वर्षांनी, आणि फार उशिरा. गल्लीत ते कुणाला ठाऊक नव्हते. तम्मण्णाला तर नक्कीच नव्हते. तो जन्मला तेव्हा तिथे सगळ्यांचे ताणे लागत होते. आपल्या घरामागची जागा आपली आहे का, असा प्रश्न त्याला पडण्याचे कारणच नव्हते. नदीकाठच्या माणसाला नदी कुणाची, असे कुठे वाटते?

पुढे सतरा वर्षे मी त्याच्या घरी जात-येत राहिलो. घर लहान, पण फार नीटनेटके. सोप्यात जमिनीत खड्डा खणून घातलेला माग होता. खड्ड्यात पाय सोडून तम्मण्णा बसे, धोटा इकडून तिकडे फेकी, आणि बोलताना त्याचा हात थांबत नसे. पलीकडे त्याची बायको बायाक्का रहाटावर कांड्या भरी. मूलबाळ नव्हते. त्याविषयी ती दोघे बोलत नसत आणि कुणी बोलले तर विषय सावकाश सुताकडे वळवत. तम्मण्णाचा हात काठांसाठी नावाजलेला. व्यापारी त्याचे लुगडे उलटे करून बघत, कारण उलट्या बाजूलाही त्याच्या काठात गाठ दिसत नसे. तो स्वभावाने तसाच होता. एकदा मला देवळाजवळ त्याने हाक मारून थांबवले आणि सांगितले, "मास्तर, काल मी तुमास्नी म्हटलं शामूची म्हस येली, रेडकू झालं म्हणून. येली न्हाय. आज येणार हाय." एवढ्यासाठी तो भर उन्हात थांबला होता.

बायाक्का उचगावची. आईबापांची एकुलती. बाप गेला, आई हळूहळू आंधळी झाली. तिथे थोडी जमीन होती आणि दोन खणांचे घर. बायाक्का पंधरा दिवस शहापुरात, पंधरा दिवस उचगावात अशी तीन वर्षे करत राहिली. ती नसली की कांड्या भरायला कुणी नसे आणि तम्मण्णाचा माग बंद पडे. १९३६ च्या पावसाळ्यात म्हातारी चुलीवर पडली. हात भाजला. बायाक्का परत आली तेव्हा तिने पिशवी खाली ठेवली नाही. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "आता मी येकटी जात न्हाय. तुमी चला, न्हायतर मला सोडा."

"सोडतो कशाला?" तम्मण्णा म्हणाला. "चल की. माग तिथं बी घालता येतोय."

मी त्या वेळी तिथे होतो. इतक्या साध्या रीतीने ते ठरले. शहापूरचे घर विकायचे, त्यातून उचगावच्या घराला मागासाठी एक खण वाढवायचा. चुकीचे त्यात काही नव्हते. आजही मला तसेच वाटते. चूक पुढे झाली.

कोष्टी गल्लीत घर विकण्याची एक रीत होती. कागद होण्याआधी विकणारा, घेणारा आणि गल्लीतला सर्वांत वडील माणूस नारळ घेऊन घराभोवती फिरत. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून वडील माणूस मोठ्याने विचारी, "हितनं पुढं कुणाचं?" आणि शेजारी आपापल्या दारातून उत्तर देत. चारी कोपरे झाले की नारळ फुटे. मग कागद. त्या वेळी गल्लीत सर्वांत वडील भरमाअण्णा होता. तम्मण्णाचा सख्खा शेजारी, सत्तरीचा, बुटका, कडक बोलणारा. तम्मण्णाला त्याने मागावर बसायला शिकवले होते आणि पन्नाशीच्या तम्मण्णाला तो अजून "तम्मा" म्हणे.

त्याला सांगायचेच तम्मण्णाला भय वाटे. त्याला कारण होते. चार वर्षांपूर्वी शामूने घर विकून इचलकरंजीला जायचे ठरवले होते. गल्ली तीन दिवस त्याच्या सोप्यात येऊन बसली. कुणी रागावले नाही, कुणी भांडले नाही. बायकांनी भाकऱ्या आणून दिल्या. भरमाअण्णा फक्त म्हणाला, "जा बाबा. एक हात कमी झाला, त्यात काय. थोडा लवकर उठीन मी." चौथ्या दिवशी शामूने बांधलेले गाठोडे सोडले. तेव्हापासून तो कुणालाही म्हणे, "मी राहिलोय कुठं? मला ठेवून घेतलंय."

"आपल्या सोप्यात गल्ली बसली की मी न्हाय उठणार," तम्मण्णा मला म्हणाला. "मला माझी खात्री हाय. आणि मग हिची आई?"

"पण सांगावं तर लागेलच," मी म्हणालो.

"सांगतो की. कागद झाल्यावर. झालेल्या गोष्टीवर मानूस दोन दिवस रागावतंय."

बायाक्काने दोनदा विचारले. "भरमाअण्णास्नी आधी बोलवा की. नारळ तर फोडाय पाहिजे." तो "व्हय गं, व्हय" म्हणाला आणि धोटा फेकत राहिला.

घेणारा निपाणीचा होता. परशराम शेट. तंबाखूचा व्यापारी, पन्नाशीचा, अंगाने भारी, बोलायला अतिशय गोड. शहापुरात वखारीसाठी तो जागा बघत होता. तम्मण्णाला वाटले की आपले घर त्याला आवडले. शेटने घर आतून एकदा पाहिले, तेही चपला न काढता दारातून. परसात मात्र तो बराच वेळ उभा होता. गडग्यावरून पलीकडे पाहून म्हणाला, "इथं गाडी वळेल." तम्मण्णा म्हणाला, "वळंल की. वढ्याकडनं वाट हाय." कुणाची गाडी, कशाला वळायची, हे त्याने विचारले नाही. त्याला आठ दिवसांत व्यवहार उरकायचा होता आणि शेटलाही.

जुना कागद ट्रंकेत होता. आज्याच्या वेळचा, मोडीतला. शेटच्या कारकुनाला मोडी चटकन लागत नव्हती म्हणून तम्मण्णाने मला बोलावले. सोप्यात आम्ही पाच जण होतो. दार लोटून घेतले होते. मी वाचू लागलो.

"पूर्वेस गल्लीचा रस्ता."

"व्हय," तम्मण्णा.

"दक्षिणेस शेजारचे कोष्ट्याचे घर व सामाईक भिंत."

"व्हय."

"उत्तरेस देवळाची भिंत."

"व्हय, बरोबर."

"पश्चिमेस ओढा."

"वढा, व्हय. हाय की वढा."

शेट खिडकीशी बसला होता. तो म्हणाला, "मास्तर, शेवटचं पुन्हा वाचा."

"पश्चिमेस ओढा."

"बरं," तो म्हणाला. कारकुनाने उतरवून घेतले.

मी चाळीस मुलांना रोज नकाशा शिकवत होतो. पश्चिमेस ओढा म्हणजे गडगा नव्हे, गडग्याच्या पलीकडचे करंज, ताण्याचे खांब आणि सगळी पट्टी धरून ओढा, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. त्याच जागेतून मी सतरा वर्षे शाळेला गेलो होतो. मी अक्षरे नीट लागतात की नाही एवढेच पाहत होतो. मोडी वाचता येते याचे मला त्या दिवशी थोडे कौतुकही वाटत होते.

तम्मण्णा मात्र आपल्या परीने दक्ष होता. मी कागद मिटल्यावर तो म्हणाला, "शेट, आणि एक सांगून ठेवतो. न्हाणीच्या कोपऱ्यात पावसाळ्यात गळतंय. वरचा एक वासा किडका हाय. पाटीमागच्या दाराला कडी लागत न्हाय, दगड लावावा लागतोय. मागनं म्हणशीला सांगितलं न्हाय."

शेट हसला. "किती प्रामाणिक माणूस," तो मला म्हणाला. त्यात थट्टा नव्हती.

दोन दिवसांनी कचेरीत सही झाली. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते. तम्मण्णाने अंगठा दिला नाही, सही केली. मीच त्याला शिकवली होती.

मग तो भरमाअण्णाकडे गेला. अण्णा दोन दिवस बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी स्वतः माग सोडवायला आला, तम्मण्णाने म्हटले होते तसे. "आधी बोलला असतास तर नारळ फोडला असता," एवढेच म्हणाला. "आता फोडूया," तम्मण्णा म्हणाला. अण्णा म्हणाला, "कागद झाल्यावर नारळ? तो खायाला फोडतात." बायकांनी बायाक्काची ओटी भरली. शामू बैलगाडीला खांदा लावून म्हणाला, "तुला बरं सोडलं रं गल्लीनं. माझ्यातच काय सोनं लागलंय?" सगळे हसले. बायाक्काही हसली. गाडी उचगावकडे गेली.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी सकाळी भरमाअण्णाचा नातू मला बोलवायला आला. मी गेलो तेव्हा ओढ्याकडे अण्णाचाच ताणा लागला होता. कुंचे हातात घेऊन सगळे उभे होते, आणि त्यांच्यापलीकडे गवंडी आणि पाच-सहा गडी बसले होते. जमिनीवर चुन्याची रेघ मारली होती. रेघ ताण्याच्या खालून गेली होती. परशराम शेट छत्री टेकून करंजाखाली उभा होता.

"आजचं होऊ दे तुमचं," तो अण्णाला सांगत होता. "माझी माणसं थांबतील. उद्यापासून दुसरीकडं बघा."

"दुसरीकडं कुठं?" अण्णा म्हणाला.

"ते मी कसं सांगू?"

"ही जागा गल्लीची हाय."

"कागद दाखवा, मी आत्ता माणसं घेऊन जातो."

अण्णाने माझ्याकडे पाहिले. शेटनेही पाहिले. "मास्तरांनीच वाचला होता," तो म्हणाला, "पश्चिमेस ओढा. मी दोनदा वाचून घेतला."

खळ सुकत चालली होती. एका पोक्त बाईने, शालूबाईने, हातातला कुंचा पुन्हा सुतावर टेकला. ते बघून बाकीचेही चालू लागले. त्या दिवशीची पांजणी पुरी झाली.

दुपारी तम्मण्णा आला. निरोप मिळताच उचगावाहून पायी आला होता. तो चुन्याच्या रेघेजवळ उभा राहिला, रेघेवरून नजर ओढ्यापर्यंत नेली, परत आणली. मग मला म्हणाला, "मास्तर, हे बी मी विकलं?"

"हो," मी म्हणालो.

"पर हे माझं कवा हुतं?"

तो शेटकडे गेला. मी जवळच होतो. तम्मण्णा पडेल आवाजात म्हणाला, "शेट, चूक झाली. घर ठेवा तुमी. तेवढी पट्टी सोडा. त्याच्याबदली उचगावचा मळा बघा, न्हायतर पैसं घ्या."

"तम्मण्णा," शेट समजावून सांगावे तसा म्हणाला, "मला घर कशाला पाहिजे होतं? न्हाणी गळतीय, वासा किडलाय, तूच सांगितलंस. मी जागाच घेतली. घर तिच्यासंगं आलं. आता तूच सांग, मी काय फसवलं?"

"न्हाय," तम्मण्णा म्हणाला. "न्हाय फसवलं तुमी."

तम्मण्णा आपल्या घराची किंमत कौलांवरून, भिंतींवरून, मागाच्या खड्ड्यावरून करत होता. घेणारा कशासाठी पैसे मोजतो आहे, हे त्याने एकदाही विचारून पाहिले नाही. विचारले असते तर शेटने सांगितलेही असते. तो खोटे बोलणारा माणूस नव्हता. संक्रांतीपर्यंत थांबायचे त्याने त्याच दिवशी कबूल केले आणि शब्द पाळला.

संध्याकाळी गल्ली भरमाअण्णाच्या सोप्यात बसली. तम्मण्णा दाराशी उभा होता. शामू म्हणाला, "मला तीन दिवस धरून बसलासा. एक हात कमी हुईल म्हणून. ह्यो आपला हात बी घेऊन गेला आणि जागा बी." कुणी त्याला गप्प केले नाही. अण्णाने मान वर केली. तम्मण्णाला वाटले आता शिव्या येणार. मला तो पुढे म्हणाला की त्या वेळी त्याला शिव्या हव्या होत्या.

अण्णा म्हणाला, "तम्मण्णा, उभं का? बसा. च्या घ्या."

पन्नास वर्षांत त्याने तम्मण्णाला कधी "बसा" म्हटले नव्हते. तम्मण्णा बसला. चहा घेतला. मला वाटते त्याचे जे व्हायचे ते तेव्हाच झाले.

बेळगावात एक वकील माझ्या ओळखीचे होते. मी आणि तम्मण्णा त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे, दावा होऊ शकतो. गल्लीने करायचा. मात्र तम्मण्णाला साक्षीला उभे राहून सांगावे लागेल की ही जागा माझ्या एकट्याची नव्हती हे मला माहीत होते, तरी मी ती लिहून दिली. समोरचा वकील त्याला लबाड म्हणेल. त्याला तयारी ठेवावी लागेल.

"लबाड तर लबाड," तम्मण्णा म्हणाला. "मी उभा राहतो." परत येताना सबंध वाट तो हलका होऊन चालला. बऱ्याच दिवसांनी तो भराभर बोलत होता. साक्षीत काय सांगायचे ते त्याने मला तीन वेळा म्हणून दाखवले.

गल्लीने दावा केला नाही. भरमाअण्णाने सगळ्यांना विचारले आणि मग निर्णय मला सांगितला, तम्मण्णाला नाही. "मास्तर, त्यानं उभ्या जन्मात कुणाचा धागा चोरला न्हाय. त्याला कचेरीत उभा करून लबाड म्हणवून घ्यायचं, आणि आपण मागं बाकावर बसून ऐकायचं? जागा गेली तर गेली."

"पण तो तयार आहे," मी म्हणालो.

"त्यो असंल. आमी न्हाय."

हे तम्मण्णाला मीच जाऊन सांगितले. तो उचगावच्या घराच्या नव्या खणाला माती लिंपत होता. ऐकून घेतले आणि लिंपत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, त्यास्नी सांगा, माझ्यासाठी जागा सोडू नगासा म्हणावं." मी सांगितले. उपयोग झाला नाही. तम्मण्णाला दावा हरल्याचे दुःख सोसले असते. गल्लीने त्याचे नाव राखायला जागा सोडली, हे त्याला सोसेना.

संक्रांतीनंतर चुन्याच्या रेघेवर भिंत उठली, मग पत्र्याची वखार उठली. गल्लीने काही दिवस मोठ्या रस्त्यावर ताणे लावून पाहिले. पण गाड्या जात, धूळ उडून ओल्या खळीवर बसे आणि मागावर सूत तुटतुट तुटे. मग देवळाच्या मागे अर्ध्या लांबीचे ताणे लावले. तेही जमेना. हळूहळू लोक व्यापाऱ्याकडून खळ पाजलेले तयार ताणे घेऊ लागले आणि तो म्हणेल तेच, त्याच्यासाठीच विणू लागले. शामू पहिल्याच वर्षी इचलकरंजीला गेला. या खेपेला त्याच्या सोप्यात कुणी बसले नाही. अकरा मागांपैकी १९४० साली पाच चालू होते. भरमाअण्णा १९४१ च्या उन्हाळ्यात वारला. तम्मण्णा मातीला आला, खांदा दिला आणि कुणाच्याही घरी पाणी न पिता परत गेला.

मी निवृत्त झाल्यावर वर्षातून दोन-तीनदा उचगावला जाऊ लागलो. बायाक्काची आई दोन वर्षे आधीच गेली होती. बायाक्काने तिची सेवा मन लावून केली. "मी सांगितलं हुतं" असे बायाक्का नवऱ्याला कधी म्हणाली नाही. ती मला फक्त एवढे म्हणाली, "म्या हट्ट धरला नसता तर बरं झालं असतं का हो मास्तर?" मी म्हणालो, तुमच्या हट्टात काही वावगे नव्हते. ते खरे होते, पण तिला पटलेले दिसले नाही.

मागासाठी वाढवलेला खण मी पाहिला. भिंती छान, उजेड हवा तसा डाव्या बाजूने येणारा. जमीन सपाट होती. खड्डा खणलेला नव्हता. मागाची लाकडे भिंतीला नीट लावून, फडक्याने बांधून ठेवली होती.

"घातला नाही अजून?" मी विचारले.

"घालायचा म्हणून बेळगावातनं सूत बी आणलं हुतं," तो म्हणाला. "हितं ताणा लावायला रान पडलंय मास्तर. शंभर हाताचा लावा. पर धरायला कोण? उचगावात कोष्ट्याचं घर न्हाय एक. दोन शेतकरी पोरं बोलावली. लई भली पोरं. कुंचा असा धरत्यात जसं भिताडच सारवतायत." तो थोडा हसला. मग म्हणाला, "तिथं मानसं हाईत, जागा न्हाय. हितं जागा हाय. मी गल्लीची जागा विकली म्हणत हुतो. माझा माग बी त्यातच गेला, ते मला हितं आल्यावर कळलं."

आमच्या भागात आता घरे विकली-घेतली जाण्याचे प्रमाण वाढले आहे. शहापुरातले बरेच लोक कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. मी कागद वाचायच्या आधी त्यांना उठवतो. म्हणतो, चला, आधी घराभोवती फिरू, शेजाऱ्यांना बोलवा. कागदात जी दिशा लिहिली आहे तिथपर्यंत पायाने जा आणि वाटेत काय काय लागते ते बघा. घेणाऱ्याला विचारा, तुला यातले नेमके काय हवे आहे. तुम्हाला लाज वाटते म्हणून ज्याला सांगायचे टाळत असाल, त्याला सर्वांत आधी सांगा. काही जण ऐकतात. काहींना घाई असते, आणि म्हातारा मास्तर फार शंका काढतो असे वाटते. त्यांना मी दोष देत नाही. त्या दिवशी सोप्यात मीही एकही शंका काढली नव्हती.

तम्मण्णाने माझ्याजवळ कधी त्या दिवशीच्या माझ्या वाचनाचा शब्द काढला नाही. एकदाच, आम्ही मळ्यातून परतत असताना, मी स्वतः म्हणालो, "वाचताना माझ्या ध्यानात यायला हवं होतं." तो चालता चालता थांबला आणि नेहमीसारखे नेमके बोलला. "तुमी अक्षर वाचलं, मास्तर. जागा माझ्या पायाखालची हुती." मला बरे वाटावे म्हणून तो हे बोलला. मला बरे वाटले नाही.

तम्मण्णा आता एकसष्ट वर्षांचा आहे. उचगावातच राहतो, मळ्यात बटाटे आणि रताळी लावतो. यंदा दसऱ्याला त्याने बायाक्काला लुगडे घेतले. ते बेळगावच्या दुकानातून आणले. मिलचे आहे.